अस्वलांना अहो-जाहो करणारा शशी

माणसाची उंची त्याने निवडलेल्या शत्रूवरून मोजावी. शशी, तुझा शत्रू मागच्या पायांवर उभा राहिला की नऊ फूट भरायचा. तू स्वतः पाच फूट चार इंच, तेही बुटांसकट. आणि ज्या देशात बसून तू त्याला तोंड द्यायची तयारी सात वर्षं केलीस, त्या न्यूझीलंडच्या जंगलात एकही अस्वल नाही. साप नाही, बिबट्या नाही, लांडगा नाही. इथल्या डोंगरात माणसावर चाल करून येणारा सगळ्यात धीट प्राणी म्हणजे पोपट.

तू गेल्याला आज तेवीस दिवस झाले. कुठे, कसा, किती वाजता, हे इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तपशीलवार येऊन गेलं, ते मी पुन्हा लिहीत नाही. शोकसभाही झाली. अध्यक्षांनी तुला 'निष्णात नेमबाज' आणि 'निसर्गाचे निस्सीम उपासक' म्हटलं. तुझ्या पिस्तूल क्लबचे म्हातारे प्रशिक्षक, ग्रॅहम, कोट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना मराठी कळत नाही, त्यामुळे 'निष्णात' हा शब्द सुखरूप पार पडला.

मलाही बोलायला सांगत होते. मी नको म्हणालो. मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुला सांगायचं होतं, आणि तू असताना ते सांगायला माझ्याकडे दीड वर्ष होतं.

सुरुवात तुझ्यापासून करतो, म्हणजे माझ्यापर्यंत यायला जरा वेळ मिळेल.

भूकंपात पडलेलं ख्राइस्टचर्च पुन्हा बांधायला जगभरातून इंजिनिअर आले, त्यात आपण दोघे. शेजारशेजारच्या टेबलांवर बसून आपण इमारती हलल्या तरी पडू नयेत याची गणितं करायचो. एका दुपारी डबा उघडता उघडता तू म्हणालास, "अन्या, अलास्काला जायचं. चालत. दहा दिवस."

"कशाला?"

"अस्वल पाहायला."

"तू परतवाड्याचा. मेळघाट तुझ्या घरामागे. तिथे कमी अस्वलं आहेत का?"

"ते राहूनच गेलं ना बे," तू म्हणालास. "तेव्हा शाळा होती."

मी हो म्हणालो. जेवताना माणूस कशालाही हो म्हणतो. मला वाटलं, उद्या विसरशील. दुसऱ्या दिवशी तू बंदुकीचा विषय काढलास आणि तो सात वर्षं मिटला नाही.

चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर की दहा मिलिमीटरचं पिस्तूल? रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या सहाच, वजन भरपूर, पण अडकायची भीती नाही. पिस्तुलात पंधरा, वजन कमी, पण भीतीने मनगट ढिलं पडलं तर ते अडकतं. आणि तुझा लाडका मुद्दा: अस्वल अंगावर येऊन नळी त्याच्या छातीला टेकली, तर पिस्तूल बंद पडू शकतं, रिव्हॉल्व्हर पडत नाही.

"नळी टेकेपर्यंत आलं, तर तू तोवर काय करत होतास?" मी विचारायचो. "नाव विचारत होतास?"

मी मिरचीच्या फवाऱ्याच्या बाजूचा. तिथले अनुभवी लोकही तोच बरा म्हणतात, हे तूच मला वाचून दाखवलं होतंस. पण वारा उलटा असला तर काय, यावर तू अडून बसायचास. मी म्हणायचो, मग दोघे मिळून रडाल. हा वाद आपण हॉर्नबीच्या दुकानांत ट्रॉली ढकलताना घातला, साइटवर हेल्मेट घालून घातला, तुझ्या मुलीच्या ग्रॅज्युएशनला टाळ्या वाजवता वाजवता घातला.

या देशात पिस्तूल फक्त क्लबच्या रेंजवर झाडता येतं. डोंगरात नेलं तर गुन्हा. म्हणून तू क्लबात नाव घातलंस आणि रविवारी सकाळी तिथे जायला लागलास. कानांवर ते मोठे टोप, डोळ्यांवर चष्म्यावर चष्मा. मग तुला कळलं की परदेशातून आलेल्या माणसाला अलास्कात बंदूक बाळगायची असेल तर शिकारीचा परवाना हवा. अंडंही न खाणारा तू. मला वाटलं, इथे तरी प्रकरण थांबेल.

"परवाना काढीन," तू म्हणालास. "शिकार नाही करणार. सरकार थोडंच विचारणार हाय, काऊन नाही मारलं म्हणून?"

रिव्हॉल्व्हर पट्ट्यासकट किती जड होईल, छातीवर बांधून दिवसभर चालवेल का, हे बघायला तू दीड किलो तूरडाळ छातीशी बांधून पोर्ट हिल्स चढलास. वाटेत भेटणारे लोक 'किया ओरा' म्हणून नमस्कार करायचे आणि डाळीकडे बघायचे. वर पोचल्यावर म्हणालास, जमेल. नीलावहिनींनी त्याच डाळीचं वरण केलं आणि ते आपण तिघांनी गंभीरपणे खाल्लं.

मी हसायचो, ते तुझ्या तोंडावर. घरी गेल्यावर हसू यायचं नाही. एखाद्या गोष्टीपुढे इतकं लहान व्हायची इच्छा मला आयुष्यात कधी झालेली नाही.

तुझं व्याकरणही त्यातलंच. मराठीत ते अस्वल, नपुंसकलिंगी, एकवचनी. तू आदरार्थी बहुवचन लावायचास. "ते नदीत उभे राहतात, अन्या. घाई नसते त्यांना. मासा यायचा तेव्हा येतो." मी सुधारत राहिलो. तू म्हणालास, तिथे जाऊन समोर उभा राहा आणि मग अरेतुरे करून दाखव. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही, खालच्या आवाजात बोलत बोलत मागे सरकायचं असतं. तू काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतंस: "जातो आम्ही बाप्पा. तुमचं चालू द्या."

"अलास्काचं अस्वल आहे. इंग्रजीत बोल."

"घाबरल्यावर माणसाले मायबोलीच येते बे. त्यांना अर्थाशी काय करायचंय, आवाज पाहिजे."

एकदा तुझ्या मागच्या अंगणात तालीम झाली. मी अस्वल. फिजोआच्या झाडामागून धावत यायचं, मी तुझ्यापर्यंत पोचायच्या आत तू छातीवरच्या पिशवीतून पाण्याचं पिस्तूल काढून मला भिजवायचं. माझं वय बावन्न, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. तरी पाचही वेळा मी आधी पोचलो. "मेलास," मी सांगायचो. "पुन्हा," तू म्हणायचास. शेजारचा केव्हिन कुंपणावरून बघत होता. त्याने विचारलं, काही हवंय का तुम्हाला? तू धापा टाकत ओरडलास, "अ रिअल बेअर!" तो "स्वीट ॲज", म्हणजे 'हरकत नाही', म्हणून आत गेला आणि थंडगार बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आला. किती दिलदार माणूस, असं आपण म्हणालो. तू पीत नाहीस, म्हणून दोन्ही मी संपवल्या.

आणि ती आर्थर्स पास या घाटापलीकडची सकाळ. वाकून जावं लागणाऱ्या, बीच नावाच्या झाडांच्या रानातून आपण बाहेर आलो आणि एकदम दरी उघडली. पांढऱ्या गोट्यांचं रुंद पात्र, त्यात निळ्या पाण्याच्या चारपाच बारीक धारा, दोन्ही बाजूंना सरळ उठलेले कडे, आणि टोकाला, ऊन फक्त तिथेच पडलेलं, ती हिमनदी. वारा नव्हता. एवढी मोठी जागा आणि आवाज म्हणून नाही. मी आयुष्यभर भव्यतेवर बोलणाऱ्यांची टिंगल केली, त्या क्षणी मला टिंगल करायला शब्द मिळाला नाही. तू पाठीवरची पिशवी खाली ठेवलीस. मग म्हणालास, "इथं आपल्याला कोणी खाणार नाही."

"बरंच आहे की."

"बरं हाय. पण आपण इथं पाहुणे नाही, अन्या. मालक आहोत. एवढ्या मोठ्या जागेचे मालक आपण, हे काही खरं वाटत नाही. मला एकदा अशा ठिकाणी उभं राहायचंय जिथं मी कोणाच्या तरी जेवणात मोडतो."

"मग बंदूक कशाला?"

"लहान व्हायचंय बे. संपायचं नाही."

एवढ्यात एक केआ, तो हिरवा पोपट, तुझ्या पिशवीपाशी उतरला आणि थेपल्यांचं पाकीट घेऊन उडाला. तू त्याला नमस्कार केलास.

तिकिटं काढायची ठरली होती त्याच महिन्यात तुला अटॅक आला.

आता माझ्यापर्यंत आलो.

घरी सोडायच्या दिवशी तुझ्या खोलीत मी होतो. नीलावहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तू चार दिवसांत सगळ्या वॉर्डाला अलास्का सांगून ठेवलं होतंस, नर्स तुला त्यावरून चिडवायच्या. डॉक्टर आले. उंच, साठीचे, पार दक्षिणेकडच्या गावातले असावेत, बोलणं अर्धं नाकात. मीठ, चालणं, गोळ्या सगळं सांगून झालं आणि जाता जाता त्यांनी बोट वर केलं. "अँड नो मोअर बेअर्स."

तू माझ्याकडे बघितलंस. "नो बेअर्स?"

"नॉट वन."

"ब्लॅकसुद्धा नाही?" तू इंग्रजीत विचारलंस. काळी अस्वलं तपकिरी अस्वलांपेक्षा लहान असतात, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

"ब्लॅक, ब्राऊन, आय डोन्ट केअर," डॉक्टर म्हणाले. आणि जरा हसून, त्यांनी स्वतः चार वर्षांत एकदाही हात लावलेला नाही असं सांगितलं. आपणही सभ्यपणे हसलो. इथल्या लोकांचा विनोद कोरडा असतो, हे आपल्याला माहीत होतं.

गाडीत तू सिग्नलला थांबल्यावर म्हणालास, "मोठा माणूस आहे. दिवसाला किती पेशंट बघत असेल. तरी ध्यानात ठेवलं त्याने." तुझ्या आवाजात राग नव्हता. आपल्या अस्वलांची दखल घेतली गेली याचं तुला कौतुक वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तू ऑफिसात सांगून टाकलंस: अलास्का रद्द, डॉक्टरांनी मनाई केली.

सहा आठवड्यांनी मी तुला हॉस्पिटलच्या व्यायामाच्या वर्गाला घेऊन गेलो. तू आत पट्ट्यावर चालत होतास, छातीला वायरी चिकटवलेल्या. तुझी फाइल माझ्या मांडीवर. बंदुकांची माहितीपत्रकं शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या तू स्वतःच्या हृदयाचा कागद उघडला नव्हतास. मी उघडला. रुग्णाला बिअर व सर्व प्रकारचं मद्य बंद करण्याचा सल्ला दिला आहे, असं लिहिलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. मग मला केव्हिनच्या बाटल्या आठवल्या. इथल्या माणसांच्या तोंडी बेअर आणि बिअर हे दोन शब्द एकच होतात. इतकी वर्षं राहून आपल्याला हे कळायला हवं होतं, पण तू थेंबभरही न पिणारा आणि पाच-सहा वर्षं आपल्या दोघांच्या डोक्यात अस्वलाशिवाय काही नाही. आपल्याला तिथे बिअर ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारचे आजोबाही सोबत म्हणून हसले.

मग खालची ओळ वाचली. तीन महिन्यांनंतर प्रवासाला हरकत नाही.

तू टॉवेलने मान पुसत बाहेर आलास. "काय लिहिलंय बे?"

"मीठ कमी," मी म्हणालो.

एवढंच आहे, शशी. दोन शब्द. पुढे दीड वर्ष मी तेच दोन शब्द बोलत राहिलो.

का, तर मी घाबरलो. दहा दिवसांची वाट, फोन नाही, आणि मध्येच तुझं हृदय थांबलं तर तुला उचलून आणणारा मी. हे मी स्वतःला काळजी म्हणून सांगितलं, आणि त्यात अर्धी काळजी होतीही. उरलेली अर्धी गोष्ट अशी की मला जायचंच नव्हतं. पहिल्या डब्यापासून नव्हतं. डॉक्टरांच्या एका उच्चाराने माझी सुटका झाली होती, आणि ती परत द्यायची माझी छाती झाली नाही.

तू कुरकुर करशील असं मला वाटलं होतं. तू केली नाहीस. उलट बंदुकीची निवड चालूच ठेवलीस. मी विचारलं, आता कशाला? तू म्हणालास, "आता घाई नाही ना. घाईत निवड चुकते." रविवारचा क्लबही सुटला नाही. ग्रॅहमनी तुला हलकं, बावीस कॅलिबरचं पिस्तूल दिलं, छातीला धक्का नको म्हणून. मार्चमधल्या एका रविवारी मी मागे बाकावर बसलो होतो. तू पाच गोळ्या झाडल्यास. कागद आणला तर पाचही भोकं तळहाताएवढ्या जागेत. तुझ्यासारख्याला हे कसं जमलं, कोण जाणे. ग्रॅहमनी टोपी काढली. तू कागद माझ्यासमोर धरलास. चेहऱ्यावर ऊन, डोळे ओले.

"आता येऊ दे त्यांना," तू म्हणालास.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मी म्हणालो, "छान."

ज्याला कधी भेटायचं नाही त्याच्यासाठी कोणी इतकी तयारी करतं, हे मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. देवळात जाणारी माणसं पाहिली आहेत, पण ती काहीतरी मागतात. तू मागत नव्हतास. मला तुझ्यासमोर त्या दरीत झालं होतं तसं झालं, आणि लाज वाटली, दोन्ही एकदम.

परवा तुझ्या घरी गेलो आणि नीलावहिनींना सगळं सांगितलं. तुझी गार्गी वेलिंग्टनहून आली आहे, ती ओट्याला टेकून ऐकत होती. मी कागद, डॉक्टर, दोन शब्द, काही सोडलं नाही. गार्गीला मराठी सगळं कळतं, उत्तर नेहमी इंग्रजीत.

"सो डॅड गेव्ह अप अलास्का फॉर अ व्हॉवेल," ती म्हणाली. एका स्वरापायी.

वहिनी हसायला लागल्या. बिअर, बिअर म्हणत खुर्चीवर बसल्या, पदराने डोळे पुसले, "अहो, त्यांनी जन्मात वास घेतला नाही हो" म्हणाल्या, आणि मग हसणं कुठे संपलं ते कळलं नाही. गार्गीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"दीड वर्ष होतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही त्यांच्यासाठी घाबरलात की स्वतःसाठी?"

"तेव्हा वेगळं करता आलं नाही."

"आता?"

"आता येतं."

त्यांनी टेबलावरचं प्लास्टिक नखाने सरळ केलं. मीही मनातून खूशच होते, त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी नाही म्हटलं तेव्हा. एकदाही विचारलं नाही, असं कसं म्हणाले म्हणून. पण मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

मी उठलो. दारापर्यंत त्या आल्या. मला वाटलं, पुन्हा येऊ नका म्हणतील, आणि ते मला मान्य होतं.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

"जातो."

"तसं नाही. अलास्काला जा. त्यांच्याऐवजी जाऊन उभे राहा. बंदूक नको, काही नको. समोर आले तर सांगा की शशिकांत येणार होते."

त्याही 'आले' म्हणाल्या, शशी. आदरार्थी.

मी हो म्हणालो. या वेळी जेवत नव्हतो. मिरचीचा फवारा मात्र नेणार आहे, तो वाद मी सोडलेला नाही. काल सकाळी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला आणि संध्याकाळपर्यंत मंजूर होऊन आला. सलग तीन आठवडे मिळाले, ऑफिस बंद असतं ते, ख्रिसमस ते जानेवारीचा मध्य. तिकीट काढलं आणि वहिनींना तसं कळवलं. थंडीच्या त्या दिवसांत अलास्कातली अस्वलं गुहांत झोपलेली असतात.